डोंगर पाठ असलेल्या मेंढ्या

हाफॉद लास,
४ फेब्रुवारी १९९८

गेथिन,

नाताळचं तुझं कार्ड पोचलं. त्यावरच्या मेंढ्या बघून मला हसूच आलं. इतक्या पांढऱ्याशुभ्र मेंढ्या कार्डिफमध्येच होत असतील. इथे ऑगस्टपासून पाऊस लागलाय आणि माझ्या मेंढ्या चिखलाच्या रंगाच्या झाल्यात.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतोस. फोनवर तू "हो हो, आत्या" म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस. कागदावर लिहिलं की तुला निदान वाचावं तरी लागतं.

तर ऐक. काल टपालवालीने तुझ्या खात्याचं जाडजूड पाकीट आणून टाकलं. 'डोंगर विसावा योजना'. पहिल्या पानावर सूर्यप्रकाशातला डोंगर छापलाय, त्यावरूनच कळतं की फोटो इथला नाही. मी आधी वेल्शमध्ये वाचलं, काही कळलं नाही. मग इंग्रजीत वाचलं, तेव्हा कळलं की वेल्श लिहिणाऱ्यालाही काही कळलं नव्हतं. मला उमगलं ते इतकंच: येत्या एक मेपासून पाच वर्षं डोंगरावर एकही मेंढी चढवायची नाही. मग म्हणे झुडपं वाढतील, पक्षी परत येतील, आणि शेतकऱ्याने घरी बसून पैसे घ्यायचे. आणि सही केली नाही तर? तर डोंगरी शेतीचं जे अनुदान तुझ्या आजोबांच्या वेळेपासून मिळतंय, तेही बंद. याला यांच्याकडे मदत म्हणतात! मानगूट धरून पाणी पाजायचं, आणि वर विचारायचं, तहान भागली ना?

तू त्या खात्यात आठ वर्षं खुर्ची उबवतोयस. तुझा बाप मास्तर होऊन शहरात गेला आणि हाफॉद लासचं शेत माझ्याकडे राहिलं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण आता निदान एवढा कागद तरी मला समजावून सांग.

खुबा दुखतोच आहे. विचारू नकोस.

नेस्टाआत्या


कार्डिफ,
१२ फेब्रुवारी

नेस्टाआत्या,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसलो. समोरच्या हार्करबाईंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या साहेबांनी, चष्म्यावरून पाहिलं.

तू उगाच घाबरतेस. योजना वाईट नाही. डोंगर चरून चरून उघडा पडलाय हे तूच मला दर उन्हाळ्यात सांगायचीस. त्याला पाच वर्षं विश्रांती मिळेल, आणि तुलाही. तू सदुसष्ट वर्षांची आहेस आणि अजून पावसात दोन-दोन तास चढतेस. मेंढ्या विकून टाक, खुब्याचं ऑपरेशन करून घे, स्वयंपाकघरात चुलीपाशी पाय पसरून बस. पैसे दरवर्षी बँकेत येतील. पाच वर्षांनी बाजारातून नव्या मेंढ्या घे आणि पुन्हा सुरू कर. कलम सात नीट वाच, तेच मुख्य आहे आणि अगदी साध्या शब्दांत आहे: मेंढी एकही नाही. यात मोजायला, तपासायला, भांडायला काही उरतच नाही.

शेजारचे एल्विनकाका काय म्हणतात? त्यांनाही पाकीट आलं असेल. तुझ्याआधी ते सही करतील अशी पैज लावतो.

ऑपरेशनच्या वेळी मी रजा घेऊन येईन. हे नक्की.

गेथिन


हाफॉद लास,
२० फेब्रुवारी

गेथिन,

बाजारातून नव्या मेंढ्या घे!

हे वाक्य मी तीनदा वाचलं. आमच्या घराण्यातल्या माणसाने ते लिहिलंय यावर विश्वास बसेना. तू या घरात नऊ उन्हाळे काढलेस. कनेविन हा शब्द तू या स्वयंपाकघरात भाकरीइतक्या वेळा ऐकलायस. शहरात गेल्यावर तो कुठे सांडलास?

सांगते, कारण तुला सांगायलाच हवं असं दिसतंय. माझा डोंगर आणि एल्विनचा डोंगर यांच्यात कुंपण आहे का? नाही. माझा डोंगर आणि पलीकडची दरी यांच्यात? नाही. तिथे वारा इतका आहे की खांबही टिकत नाही. मग माझ्या दोनशे मेंढ्या माझ्याच डोंगरावर का राहतात? कारण त्यांना तो पाठ आहे. हेच कनेविन. कुठल्या ओढ्यापर्यंत आपलं, कुठल्या खडकापासून परकं, हिमवादळ आलं की कुठल्या घळीत शिरायचं, हे मेंढी आपल्या पिल्लाला दाखवते. ते पिल्लू मोठं होऊन आपल्या पिल्लाला. हे कधी सुरू झालं ते कोणालाच माहीत नाही. माझ्या पणजीला शेत मिळालं तेव्हा कळप शेतासोबत आला. आमच्याकडे मेंढ्या माणसाच्या नसतात, डोंगराच्या असतात. माणसं बदलतात.

बाजारातली मेंढी आणून वर सोडलीस तर सकाळी सोडलेली मेंढी दुपारी पलीकडच्या दरीत चर्चच्या पाळकांच्या कोबीत तोंड घालून उभी असेल. तिला कोण शिकवणार? मी? या खुब्याने?

हे ज्याने लिहिलं तो माणूस कोण आहे रे? त्याने मेंढी पाहिलीय का ताटाबाहेर? एकदा इथे पाठव त्याला. चहा देईन, केक देईन, आणि मग धुक्यात वर नेऊन सोडून देईन. बघू त्याला घर सापडतं का.

आता कामाचं बोलते. डोंगराला विसावा हवा, मला मान्य आहे. मी दीडशे-पावणेदोनशे मेंढ्या खाली आणायला तयार आहे. पण चाळीस जुन्या माद्या वर राहू देत. तेवढ्यांनी गवताचं काही बिघडत नाही, आणि त्यांनी जागा धरून ठेवली की पुढच्या पिढ्या शिकतील. चाळीस. एवढंच विचार तुझ्या बाईंना.

नेस्टाआत्या


कार्डिफ,
९ मार्च

नेस्टाआत्या,

विचारलं. नाही म्हणाल्या. चाळिसांना परवानगी दिली की कोणी साठ ठेवेल, कोणी नव्वद, आणि मग प्रत्येक डोंगरावर मोजायला माणूस पाठवावा लागेल. नियम सर्वांना सारखा.

तू चिडणार, माहीत आहे. पण मी एक मार्ग काढलाय. मेंढ्या विकू नकोस. समुद्राकाठच्या सपाटीवरचा एक शेतकरी माझ्या ओळखीचा आहे, तो पाच वर्षं सांभाळेल. मग त्याच मेंढ्या परत आण. म्हणजे योजनाही आणि कनेविनही. कसं वाटतं?

शेवटची तारीख तीस एप्रिल आहे. कृपा करून हट्ट करू नकोस. सही केली नाहीस तर जुनं अनुदान खरंच बंद होईल, त्यात मी काही करू शकणार नाही.

गेथिन


हाफॉद लास,
११ मे

गेथिन,

तुझ्या मार्गाबद्दल दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण पिल्लांचा हंगाम होता आणि तू सुचवलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं असं वाटलंही नाही. पाच वर्षांत माझ्या निम्म्या माद्या म्हातारपणाने मरतील. राहिलेल्यांची पिल्लं समुद्राकाठच्या गवतात वाढतील आणि समुद्रकाठ पाठ करतील. त्यांना वर आणून काय करू, भूगोलाचा तास घेऊ?

मी सही केली नाही. अनुदान गेलं. ठीक आहे, कमीत भागवायची सवय आहे.

पण एल्विनने केली. त्याचा दोष नाही. त्याच्या मुलीच्या मूत्रपिंडाचं दुखणं आहे, दर आठवड्याला तिला शहरात न्यावं लागतं, त्याला पैसा हवा होता. एक मेला त्याच्या तीनशे मेंढ्या खाली गेल्या. ट्रकमध्ये चढवताना तो माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याच्याशी.

आता खरी गंमत ऐक. तुमच्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नसेल. आमच्या डोंगराची हद्द दोन्ही कळप मिळून राखतात. माझी मेंढी ओढ्यापाशी थांबते, कारण पलीकडून एल्विनची मेंढी तिच्याकडे डोळे वटारून बघत असते. आता पलीकडे कोणीच नाही, आणि गवत मात्र हिरवंगार. तिसऱ्या दिवशी माझ्या मेंढ्या ओढा ओलांडून तिकडे! मेंढीने काय वाईट केलं? घराचं दार सताड उघडं टाकून वर पाटी लावायची, आत येऊ नये, असला हा प्रकार.

काल तुझ्या खात्याचा एक पोरगेला साहेब गुडघ्याएवढ्या नव्याकोऱ्या बुटांत आला. फोटो काढले. नोटीस माझ्या नावाने नाही, एल्विनच्या नावाने! त्याच्या विसावलेल्या डोंगरावर मेंढ्या आढळल्या. तीनदा आढळल्या तर त्याचा करार रद्द आणि मिळालेले सगळे पैसे परत. मी त्या साहेबाला म्हटलं, "अहो, मेंढ्या माझ्या आहेत, कानाची खूण बघा." तर म्हणतो, "बाई, कलम सातात मेंढी कोणाची हा प्रश्नच येत नाही."

मला कलम सात लिहिणाऱ्याचं नाव हवंय. पत्र मी लिहीन. तू फक्त नाव कळव.

नेस्टाआत्या


कार्डिफ,
१८ मे

नेस्टाआत्या,

हे पत्र मी चारदा फाडलं.

कलम सात मी लिहिलं.

फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. हार्करबाईंनी सांगितलं की, तू डोंगरावरचा आहेस, मसुदा तू कर. मला अभिमान वाटला. आधी मी 'थोड्या मेंढ्या' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, थोड्या म्हणजे किती, ते कोण ठरवणार? मग मी ते खोडून 'एकही नाही' केलं. खूप सोपं वाटलं तेव्हा. त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मला बढतीही त्यावरच मिळाली.

कनेविन मला आठवत होतं, आत्या. पण मला ते उन्हाळ्यातल्या गोष्टीसारखं आठवत होतं. मेंढ्या संध्याकाळी आपोआप आपल्या जागी दिसायच्या, म्हणून मला वाटायचं की त्या आपोआपच राहतात. त्यामागे कोणाचे कष्ट आहेत, ते एकदा तुटलं की तुटलं, हे मी कधी नीट ध्यानात घेतलंच नाही.

मी आता दुरुस्तीचा अर्ज लिहितोय. हार्करबाई म्हणतात, आढावा दोन वर्षांनी. मी आग्रह धरेन. मला माफ कर.

गेथिन


हाफॉद लास,
२४ मे

गेथिन,

पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. घरात बसवेना.

परक्याने लिहिलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तू? ज्याला मी मेंढीच्या कानाची खूण अक्षरांच्या आधी शिकवली? तुझ्या बापाला वाटायचं, पोरगं मोठं होऊन डोंगराचं काहीतरी भलं करेल. आणि तू काय केलंस? बाईंना मोजायला सोपं जावं म्हणून शेकडो वर्षांची विद्या खोडरबराने पुसलीस. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटते. तुझी नाही, माझी वाटते, की नऊ उन्हाळ्यांत मी तुला काय शिकवलं मग?

माफ करून काय होणार? माझ्या माफीने एल्विनची नोटीस मागे जाणार आहे?

तुला सांगते, सध्या काय चाललंय. एल्विन रोज सकाळी आणि संध्याकाळी त्याचा कुत्रा टॅन घेऊन ओढ्यापाशी येऊन उभा राहतो. पूर्वी त्याच्या मेंढ्या उभ्या राहायच्या तिथे. माझ्या मेंढ्या आल्या की परत लावतो. घरी बसायचे पैसे घेतो आणि पावसात उभा राहतो. मी म्हटलं, "एल्विन, हे काय तुझं वय आहे का?" तर म्हणतो, "नेस्टा, कोणीतरी उभं राहायला हवं ना." त्याने सही केली म्हणून मी त्याच्याशी अबोला धरला होता, तो त्या दिवशी सुटला.

नुसती माफी मागणारी पत्रं मला पाठवू नकोस. काही करता आलं तर कर, आणि मग लिही.

नेस्टा


हाफॉद लास,
१७ सप्टेंबर

गेथिन,

चार ओळीच लिहिते. तीन आठवडे पाऊस थांबलेला नाही. एल्विन भिजून भिजून छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलाय. ओढ्यापाशी आता कोणी नाही. मी जाते, पण दोन्ही वेळा चढणं जमत नाही. दुसरी नोटीस गेल्या सोमवारी आली. अजून एक आली की त्याचं सगळं जाईल, आणि त्याच्या मुलीचे उपचार त्याच पैशांवर चाललेत.

तिकडे काही हललं का?

नेस्टाआत्या


कार्डिफ,
३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

झालं! काम झालं!

तू म्हणाली होतीस, काही केलंस तरच लिही. म्हणून मेपासून एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय. कलम सात बदललं. जिथे कुंपणाशिवायचे जुने कळप आहेत, तिथे प्रत्येक डोंगरावर चाळीस माद्यांपर्यंत कळप ठेवायची परवानगी मिळाली. शेजाऱ्याच्या मेंढ्या चुकून आल्या तर ती चूक धरायची नाही, आणि आधीच्या नोटिसा रद्द. एल्विनकाकांच्या दोन्ही गेल्या!

हे कसं झालं ते ऐक. हार्करबाईंनी जूनमध्ये अर्ज परत केला. मी पुन्हा दिला. जुलैत पुन्हा परत. मग मी तुझी फेब्रुवारीची आणि मेची पत्रं इंग्रजीत उतरवून थेट वरच्या समितीपुढे ठेवली. पाळकांच्या कोबीवर सगळे हसले, पण ओढ्यापाशी उभ्या राहणाऱ्या एल्विनकाकांचं वाचल्यावर कोणी हसलं नाही. एक म्हातारे सदस्य म्हणाले, हे आपल्याला आधी कोणी का सांगितलं नाही? मी तिथेच उभा होतो. बाई माझ्याशी आता बोलत नाहीत. नाही बोलल्या तर नाही.

तुझी सप्टेंबरची चिठ्ठी माझ्या टेबलावरच आहे. रोज बघायचो. ऑगस्टअखेरच समितीचं मत आपल्या बाजूने झालं होतं, फक्त शिक्का व्हायचा होता. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता ऑक्टोबर गेला. वाटलं, अर्धवट सांगून तुला आशा लावण्यापेक्षा हातात कागद आला की तोच पाठवू. आता सोबत जोडलाय. निळा शिक्का बघ.

शनिवारी येतो. ओढ्यापाशी मी उभा राहीन, एल्विनकाकांना झोपू दे.

तुझा गेथिन


हाफॉद लास,
९ नोव्हेंबर

गेथिन,

कागद मिळाला. शिक्का निळा आहे खरा.

शनिवारी तू आला नाहीस, बरं झालं. तुला आदल्या दिवशी फोन करायला मीच टपालवालीला सांगितलं होतं, आधी माझं पत्र वाच आणि मग ये म्हणून.

मेंढ्या चौदा ऑक्टोबरला गेल्या. सगळ्या.

तुझ्याकडून उत्तर येईना. पंधरा दिवस मी टपालवालीची गाडी वाटेवर दिसेपर्यंत दारात उभी राहायचे. एकदा तुझ्या ऑफिसात फोनही केला. एक बाई म्हणाली, आपण कोण, कोणत्या संदर्भात, अर्जाचा क्रमांक काय. मी म्हटलं, त्याची आत्या. ती म्हणाली, थांबा. दहा मिनिटं फोनमधलं संगीत ऐकलं आणि ठेवून दिला. मला वाटलं, तू हात टेकलेस, आणि सांगायची तुला लाज वाटतेय.

बारा तारखेला बुटांतला साहेब पुन्हा खालच्या रस्त्यावर दिसला. वर धुकं होतं म्हणून परतला, म्हणाला परवा येतो. माझ्या साठ-सत्तर मेंढ्या तेव्हा ओढ्यापलीकडेच होत्या. मी एल्विनपाशी बसले होते, त्यालाही खिडकीतून गाडी दिसली. मेंढ्या हटव असं त्याने मला एका शब्दाने म्हटलं नाही. मुलीकडे बघत होता फक्त. तो बोलला असता तर कदाचित मी भांडले असते.

साहेब यायच्या आत, तेरा तारखेला शेजारच्या दरीतली माणसं बोलावली, कळप उतरवला. दोनशे मेंढ्या हिवाळाभर खाली पोसायला ना गवत होतं, ना पैसे. उतरवायला काही त्रास झाला नाही. मेंढ्यांना वाटलं, लोकर कातरायला नेतायत. बाजारात माद्यांना कोणी गिऱ्हाईक मिळेना. दात झिजलेल्या डोंगरी मेंढ्या पोसायला कोण घेणार? खाटकाचा माणूस तेवढा होता. लिलाववाला चांगला होता बिचारा, म्हणाला, "बाई, दोन-चार तरी ठेवा." मी म्हटलं, दोन-चारांनी काय होणार.

तुझ्या बाईंना सांग की नियम छान झालाय. कोणी वाईट म्हणणार नाही त्याला. एल्विनच्या नोटिसा गेल्या, त्याचे पैसे राहिले, मुलीचे उपचार चालू आहेत. त्यासाठी तुझे आभार मानते, मनापासून. तू समितीपुढे उभा राहिलास तेही तुझ्या बापाला आवडलं असतं. हे मी रागाने लिहीत नाहीये.

पण राग आहे. तुझ्यासारखी एक नव्हे, दहा खाती भरतील एवढा आहे. तुमच्याकडे शिक्क्याला दोन महिने लागतात आणि वाट बघण्याला किती लागतात ते कोणी मोजत नाही. इथे माणूस पावसात उभा आहे, मेंढी उभी आहे, आणि तिथे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातोय, आणि तू, तू सुद्धा, हातात निळा शिक्का येईपर्यंत तोंड मिटून बसलास. ऑगस्टमध्ये तुला कळलं होतं. ऑगस्टमध्ये, गेथिन!

मला शिक्का नको होता रे. चिठ्ठीला उलट टपाली एक ओळ हवी होती. "आत्या, थांब." एवढी लिहिली असतीस तर थांबले असते.

नेस्टा